घोडीने अंग धरावं म्हणून: नवख्यांसाठी दाणा-वैरणीचा हिशोब

माझी पहिली घोडी घरी आली तेव्हा तिच्या बरगड्या दुरूनही मोजता येत होत्या. सात वर्षांची, चालीला चांगली, स्वभावाने गरीब, पण अंगावर काही नाही. आमचे तात्या म्हणाले, "अरे, हरभऱ्यावर ठेव तिला. महिन्याभरात पाठ भरते की नाही बघ." मी चौथ्याच दिवशी संध्याकाळी तीन किलो भिजवलेला हरभरा तिच्यापुढे ठेवला. पातेलं दिवसभर उन्हात राहिलं होतं, हरभऱ्याला किंचित आंबूस वास येत होता. तिने घमेलं चाटूनपुसून साफ केलं आणि मला कोण आनंद झाला!

रात्री दोनला पाय आपटल्याचा आवाज आला. बॅटरी घेऊन गेलो तर ती पुढच्या खुराने जमीन उकरत होती, सारखी मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघत होती. थोड्या वेळाने धाडकन आडवी पडली आणि लोळायला लागली. पोटशूळ. घोड्याला उलटी करता येत नाही, पोटात गेलेलं परत वर येत नाही, हे मला पहाटे डॉक्टर तिच्या नाकातून नळी घालत होते तेव्हा कळलं. घोडी वाचली. सकाळी डॉक्टर हात धुताना एवढंच म्हणाले, "बैल समजून खायला घालू नका."

त्यानंतरच्या पाच महिन्यांत जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितोय. सारंगखेड्याहून किंवा आणखी कुठून पहिलं जनावर आणलं असेल आणि ते हडकुळं असेल, तर चंदीच्या, म्हणजे दाण्याच्या खुराकाच्या डब्याला हात लावण्याआधी हे वाचा.

आधी हे जवळ ठेवा

- शिंप्याची टेप. दीड मीटरची अपुरी पडते, दोन मीटरची घ्या.
- ताणकाटा, म्हणजे आकड्याला लटकवून वजन करायचा काटा. २० किलोपर्यंतचा पुरतो.
- एक वही. मोबाईल चालेल, पण गोठ्यात वही बरी पडते.
- रबरी घमेलं किंवा सिमेंटची गव्हाण. उघड्या मातीवर चंदी टाकू नका. दाण्याबरोबर वाळू पोटात जाते आणि आतड्यात साचते.
- सैंधव मिठाचा खडा.
- कागदपत्रं: खरेदीची पावती, धनुर्वाताच्या लसीची नोंद, जंताचं औषध शेवटचं कधी दिलं त्याची तारीख आणि ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या रक्ततपासणीचा अहवाल. ग्लँडर्स माणसालाही होतो, त्यामुळे हा अहवाल नसेल तर आधी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. देशात या तपासणीची मुख्य जागा हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे. रक्ताचा नमुना तिकडे कसा पाठवायचा ते दवाखान्यात सांगतात.

१. डोळ्यांनी नाही, हाताने बघा

घोडा बारीक आहे की बरा, हे ठरवायला टेक्सास ए अँड एम विद्यापीठात डॉन हेन्नेके यांनी १९८३ मध्ये १ ते ९ गुणांची पट्टी बसवली. आज जगभर तीच वापरतात. १ म्हणजे नुसता हाडांचा सापळा, ९ म्हणजे चरबीचा गोळा. सर्वसाधारण घोडा ५ च्या आसपास असावा. ४ ते ६ मध्ये असला तरी घाबरण्यासारखं काही नाही.

सहा जागा चाचपायच्या: मान, खांद्यांवरचा उंचवटा, खांद्यामागची खोबण, बरगड्या, कंबर आणि शेपटीचं बूड. पंजा सपाट ठेवा आणि बोटांची टोकं हलकेच दाबत फिरवा. बरगड्यांवर हे सगळ्यात लवकर कळतं. मूठ आवळून उलट्या बाजूने बोटांच्या हाडांवर हात फिरवलात तर जसं टोचतं, तशा बरगड्या लागत असतील तर गुण ३ किंवा त्याहून कमी. मूठ सोडून पंजा पसरा आणि त्याच उलट्या बाजूने बोटांच्या बुडाशी हात फिरवा. हाड आहे हे कळतं पण वर मऊ थर आहे. हा ५. आणि तळहाताच्या गादीसारखं लागून हाड शोधावं लागत असेल तर ७ च्या पुढे.

माझी घोडी ३ वर होती. बरगड्या दिसत होत्या, शेपटीचं बूड वर आलेलं, कंबरेवर कण्याची धार.

इथे तीन फसगती होतात. पहिली पोटाची. पोट सुटलेलं म्हणजे घोडी धडधाकट, असं वाटतं. निकस वैरण नाहीतर जंत असले तरी पोट लोंबतं आणि वर पाठ तशीच खोल राहते. दुसरी केसांची. थंडीत केस वाढतात, त्याखाली बरगड्या लपतात. दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याच्या यात्रेत जनावर बघताना म्हणूनच हात लावल्याशिवाय मत बनवू नका. तिसरी फसगत जातीची. मारवाडी आणि काठेवाडी घोडा मुळातच सडपातळ. त्याला खिलार बैलासारखा भरदार करायला गेलात तर चरबी चढेल, घोडा सुधारणार नाही. उलट भीमथडीचं तट्टू धनगरांच्या वाड्याबरोबर मैलोन् मैल चालून, मिळेल ते खाऊन टिकलेलं. त्याला तबेल्यात बांधून रोज चंदी दिली की बघता बघता फुगतं.

दर पंधरा दिवसांनी एकाच जागी, एकाच बाजूने आणि मागून असे दोन फोटो काढा. रोज बघणाऱ्याला बदल दिसत नाही.

२. टेपने वजन काढा

काट्यावर घोडा उभा करायची सोय आपल्याकडे क्वचित. पण टेपने बऱ्यापैकी अंदाज येतो. पुढच्या पायांच्या लगेच मागून, खांद्यांवरच्या उंचवट्याच्या मागून छातीचा घेर घ्या. मग छातीच्या पुढच्या टोकाच्या हाडापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकाच्या हाडापर्यंत लांबी घ्या. दोन्ही सेंटीमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. येईल ते वजन किलोत.

माझ्या वहीतलं पहिलं पान: घेर १५८, लांबी १५०. वजन ३१५ किलो. एक गुण वर जायला या मापाच्या जनावराला साधारण १५ किलो वजन वाढावं लागतं. म्हणजे ३ वरून ५ वर न्यायला ३० किलो, आणि लक्ष्य ३५० च्या जवळ. हे आकडे कागदावर आल्यावर माझी घाई जरा उतरली. तीस किलो महिन्याभरात चढत नाहीत. चढवूही नयेत.

दर वेळी सकाळी, पाणी पाजायच्या आधी, त्याच माणसाने टेप धरायची. श्वास सोडताना वाचायची.

३. चंदी वाढवण्याआधी तोंड आणि लीद

खाऊनही अंग धरत नसेल तर अन्न कुठेतरी वाया जातंय. घोड्याचे दात जन्मभर वर येत राहतात आणि घासून घासून त्यांना धारदार कडा येतात. गाल आणि जीभ सोलवटली की घोडी चावायची टाळाटाळ करते. गव्हाणीपाशी अर्धवट चावलेल्या वैरणीचे ओले गोळे पडलेले दिसले, किंवा दाणा खाताना ती मान तिरकी करून तोंडातून सांडत असली, की दाताचंच दुखणं. डॉक्टर कानस लावून त्या कडा घासून देतात. माझ्या घोडीच्या मागच्या एका दाढेची कड ब्लेडसारखी होती. ते काम झाल्यावर त्याच कडब्यातलं तिचं उष्टं निम्म्यावर आलं.

लीद फोडून बघा. अख्खा हरभरा, अख्खे जव जसेच्या तसे पडत असतील तर दात किंवा चंदीची तयारी, दोन्हींपैकी एक चुकतंय. लांब तंतू दिसत असतील तरी दातच. ताजी लीद डबीत घेऊन दवाखान्यात जंताची अंडी तपासून घ्या आणि मग औषध द्या. गाईचं उरलेलं जंताचं इंजेक्शन अंदाजाने टोचायचं नाही. घोड्याच्या मानेवर त्याची भयंकर सूज येऊ शकते.

४. आधी पोटभर वैरण

हा लेख फार मोठा वाटत असेल तर एवढाच मुद्दा वाचून बाकीचा सोडून द्या. बारीक घोडा भरतो तो वैरणीच्या बाजूने. चंदी ही वरची भर.

घोड्याचं जठर त्याच्या देहाच्या मानाने लहान, ८ ते १५ लिटरचं. त्यात आम्ल दिवसरात्र झिरपत असतं, खाणं असो वा नसो. त्या आम्लाला उतारा म्हणजे लाळ, आणि घोड्याला लाळ सुटते ती फक्त चावताना. एक किलो वाळलं गवत खायला त्याला पाऊण तासाच्या आसपास लागतो, एक किलो दाणा तो दहा मिनिटांत उडवतो. बाकीचं काम मागच्या मोठ्या आतड्यात, तिथले जंतू चोथा आंबवून त्यातून ताकद काढतात. जास्त दाणा एकदम गेला की तो जठरात आणि लहान आतड्यात पचत नाही, तसाच मागे सरकतो, तिथे आंबतो, वायू धरतो. माझ्या तीन किलो हरभऱ्याने हेच केलं.

हिशोब सोपा आहे. दिवसाला वजनाच्या २ टक्के सुकं खाणं. बारीक जनावराला सव्वादोन-अडीच टक्क्यांपर्यंत. वजन आजचं धरू नका, जिथे न्यायचंय ते धरा. ३५० किलोला २ टक्के म्हणजे ७ किलो. पण हे सुकं वजन. कडबा जवळपास सुकाच असतो, हिरव्या चाऱ्यात मात्र चार-पाच किलोमागे एक किलो सुकं, बाकी पाणी. वीस किलोचा हिरवा भारा टाकून "आज पोटभर झालं" म्हणणारे घोडेवाले मी बघितलेत. त्यात खरं खाणं चार किलो.

चार ते सहा तासांच्या वर गव्हाण रिकामी राहू देऊ नका. रात्रीसुद्धा. संध्याकाळी सहाला वैरण टाकून सकाळी सातला गव्हाणीत बघायचं, हा गाईम्हशींचा रिवाज घोड्याला मानवत नाही. मी रात्री दहाला झोपायच्या आधी एक पेंढी टाकतो.

५. कोणती वैरण

ज्वारीचा कडबा आपल्याकडे मुबलक, आणि चांगला वाळलेला, पानं शाबूत असलेला कडबा घोडा आवडीने खातो. पण त्यात प्रथिनं कमी. निव्वळ कडब्यावर घोडी जगेल, अंग धरणार नाही. कुट्टी करताना फार बारीक करू नका, बोटाच्या दोन पेरांएवढे तुकडे ठेवा. भुग्यासारखी कुट्टी न चावता गिळली जाते. धूळ असेल तर पाणी शिंपडा. काळी बुरशी आली असेल तर बाहेर फेका, कंजुषी नको.

लसूणघास हे आमच्या भागातलं सगळ्यात चांगलं औषध. प्रथिनं भरपूर, कॅल्शियम भरपूर. कापून तीन-चार तास सुकवून, जरा मान टाकल्यावर द्या. सकाळी दव असताना कापलेला ओला घास ढीगभर घालू नका.

आता सावधगिरीच्या गोष्टी. कोवळी, फुटव्याची किंवा पाण्याचा ताण बसलेली हिरवी ज्वारी नको. जनावराला किराळ लागते म्हणतात ती हीच विषबाधा. घोड्याच्या बाबतीत हिरवी ज्वारी किंवा सुदान गवत आठवडेच्या आठवडे खाल्लं तर आणखी एक त्रास होतो: मागचे पाय लटपटतात आणि लघवीवरचा ताबा जातो. नीट वाळलेल्या कडब्याला ही भीती नाही.

नेपिअर, म्हणजे हत्तीघास, गाईंसाठी बांधाबांधावर लावलेलं असतं. त्यात ऑक्झलेट असतं आणि ते घोड्याच्या खाण्यातलं कॅल्शियम बांधून टाकतं. महिनोन् महिने तेच खाल्लं की शरीर हाडांमधलं कॅल्शियम काढायला लागतं. जबडा आणि नाकाची हाडं सुजून घोड्याचं तोंड बोजड दिसायला लागतं, चाल लंगडी होते. उसाचं वाढंही याच पंगतीतलं. चवीला एखादी पेंढी वेगळी, त्यावर घोडा ठेवणं वेगळं.

आणि एक शब्दाचा घोळ, ज्यात मी स्वतः अडकलो. राजस्थानातल्या एका घोडेवाल्याने फोनवर सांगितलं, "भूसा खुला रखो, जितना खाए खाने दो." मी दुकानातून भुशाचं पोतं आणलं. त्याच्या हिंदीत भूसा म्हणजे गव्हाचं काड, आपला गव्हांडा. आपल्याकडे भुसा म्हणजे गव्हाचा कोंडा! कोंडा मोकळा सोडला असता तर काय झालं असतं, ते पुढच्या मुद्द्यात.

६. चंदी: किती, कशाची, कशी

दोन आठवडे पोटभर वैरण दिल्यावरच मी चंदी सुरू केली. माझी आजची चंदी, दिवसाची: भरडलेले जव ७०० ग्रॅम, हरभरा ४०० ग्रॅम, गव्हाचा भुसा ३०० ग्रॅम, वरून गोडं तेल. हे दोन वेळांत वाटून. म्हणजे एका वेळी पाऊण किलोच्या आत, आणि मी त्याच्या वर कधीच जात नाही. जास्त द्यायची वेळ आली तर वेळा वाढवा, माप नाही.

वजन करूनच द्या. मापट्याने दिलं की घोटाळा होतो: एक मापटं हरभरा आणि एक मापटं भुसा यांच्या वजनात तिपटीच्या आसपास फरक पडतो. पहिल्या दिवशी प्रत्येक जिन्नस ताणकाट्यावर मोजून डब्यावर खूण करून ठेवा.

जव अख्खे देऊ नका, भरडून द्या. हरभरा सहा-आठ तास भिजवा, पाणी एकदा बदला आणि उन्हाळ्यात सावलीत ठेवा. आंबूस वास आला तर सरळ उकिरड्यावर. मक्याला बुरशी असेल तर दाणाही घालू नका. बुरशीच्या मक्यातलं एक विष घोड्याचा मेंदू पोखरतं आणि त्याला इलाज नाही.

भुसा हलका आणि स्वस्त, घोड्याला आवडतोही. पण त्यात फॉस्फरस भरमसाठ आणि कॅल्शियम नावालाच. घोड्याच्या एकूण खाण्यात कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा जास्त असावं लागतं, दीडपट-दुप्पट असेल तर उत्तम. म्हणून भुसा चिमटीने आणि जोडीला लसूणघास. नेपिअर आणि वर भुसा ही जोडी तर सगळ्यात वाईट.

वजन वाढवायला दाण्यापेक्षा तेल सोयीचं. त्यात ताकद दाण्याच्या दुपटीहून जास्त आणि ते मागच्या आतड्यात आंबत नाही. सोयाबीनचं, शेंगदाण्याचं, जे घरात असेल ते. दोन चमच्यांपासून सुरुवात करून दोन-तीन आठवड्यांत १०० मिलीपर्यंत न्या. लीद पातळ झाली तर मागे या. तूप, अंडी, बदाम खाऊ घालणारे शौकीन आहेत. त्यांच्या प्रेमाबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण त्या पैशांत लसूणघासाचा वाफा वर्षभर पुरतो.

गाईम्हशींची सुग्रास पेंड किंवा कोंबडीखाद्य घोड्याला कधीही घालू नका. त्यात काही वेळा मोनेन्सिनसारखं औषध मिसळलेलं असतं. गाईला ते चालतं, घोड्याचं हृदय त्याने निकामी होतं, आणि त्यासाठी फार थोडं पुरतं. पोती शेजारीशेजारी ठेवू नका. गडी बदलला की ही गोष्ट त्याला पहिल्या दिवशी सांगा.

७. पाणी, मीठ

३५० किलोच्या घोडीला थंडीत दिवसाला २० ते ३० लिटर पाणी लागतं, एप्रिल-मेमध्ये ४० च्या पुढे. कोरडा कडबा आणि कमी पाणी म्हणजे आतड्यात बोळा बसण्याला आमंत्रण. हौद रोज धुवा. मिठाचा खडा टांगलेला असला तरी चंदीत तीन चहाचे चमचे साधं मीठ टाका. घाम गाळून आली त्या दिवशी आणखी दोन.

८. काहीही बदलायचं तर दहा दिवसांत

मागच्या आतड्यातले जंतू जे रोज येतं त्यालाच सरावलेले असतात. नवी वैरण असो, नवा दाणा असो, पहिल्या तीन दिवशी पाव हिस्सा, पुढचे तीन दिवस निम्मा, मग पाऊण, असं करत पूर्ण बदला. जुन्या मालकाकडून निघताना चार-पाच दिवसांची तिथलीच वैरण पोत्यात भरून आणा. मी ती आणली नव्हती.

आणलेली घोडी फारच खंगलेली असेल, गुण १ किंवा २, तर हा लेख बाजूला ठेवून डॉक्टरांना बोलवा. खूप दिवस उपाशी राहिलेल्या जनावराला एकदम चंदी दिली तर तीन ते पाच दिवसांत रक्तातले क्षार ढासळून ते दगावू शकतं. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाने अशा घोड्यांसाठी जी पद्धत बसवली त्यात पहिले तीन दिवस फक्त वाळलेला लसूणघास, दर चार तासांनी अर्धा किलो. दाणा नाही, गूळ नाही. दया आली तरी नाही.

९. दिवस आणि हंगाम

माझ्याकडचा दिवस असा:

- पहाटे ६: कडबाकुट्टी दीड किलो
- सकाळी ८: पाणी, मग निम्मी चंदी. त्यानंतर तासभर काम नाही.
- दुपारी १२: सुकवलेला लसूणघास ४ किलो
- संध्याकाळी ५: कुट्टी दीड किलो, तासाभराने निम्मी चंदी
- रात्री १०: लसूणघास ४ किलो आणि दोन किलो लांब कडबा, जो ती पहाटेपर्यंत चघळत बसते

सगळं मिळून सुकं साडेसात किलोच्या आसपास.

चंदी कामावर ठरते. लग्नसराईत वरातीला जाणारी घोडी चार-चार तास उभी असते, नाचते, रात्री उशिरा घरी येते. त्या दिवसांत चंदी हवी. पण आल्या आल्या, घाम वाळायच्या आत घमेलं पुढे करू नका. आधी पाणी घोट घोट, मग वैरण, चंदी तासाभराने. आणि सुट्टीच्या दिवशी चंदी निम्मी करा. भरपूर दाणा खाऊन एक-दोन दिवस बांधून ठेवलेली घोडी पुन्हा कामाला काढली की मागचे स्नायू लाकडासारखे आखडतात, लघवी तपकिरी होते. असं झालं तर तिला एक पाऊलही चालवू नका, जागेवरच डॉक्टर बोलवा.

माथेरानसारख्या ठिकाणी, जिथे मोटारींना बंदी असल्याने माणूस आणि सामान घोड्यांवरही जातं, तिथे पावसाळ्यात पर्यटक आटतात. काम थांबलं की चंदीही उतरवावी लागते. आपल्या लग्नाच्या घोड्यांचंही आषाढापासून तेच.

गाभण घोडीचा काळ ११ महिन्यांचा. पहिल्या आठ महिन्यांत वेगळं काही करायची गरज नाही, शेवटच्या तीन महिन्यांत हळूहळू वाढवा. खरी ओढ शिंगरू प्यायला लागल्यावर बसते. पहिले तीन महिने तिला जवळपास दुप्पट लागतं.

पाठ भरायला नुसतं खाणं पुरत नाही. कंबरेवरचं मांस कामाने येतं. रोज अर्धा तास चालवा, शक्य असेल तर चढावर.

१०. अंग धरल्यावर

पाच महिन्यांनी माझ्या वहीत घेर १६६ आला. वजन ३४८ किलो. बरगड्या दिसेनाशा झाल्या, हाताला मात्र लागत होत्या. तात्यांनी पाठीवर थाप मारली आणि हरभऱ्याचं श्रेय घेतलं.

इथेच पुढची चूक होते. वजन वाढवायला जे देत होतो तेच चालू ठेवतो आणि घोडी ६ वरून ७ वर, मग ८ वर जाते. मानेवर अयाळीखाली घट्ट वळी येते, शेपटीच्या बुडाशी मऊ गादी. अशा घोडीला खुराच्या आतल्या थराची सूज येण्याचा धोका असतो. पुढचे खूर गरम लागतात, खुराच्या वर मागच्या बाजूने बोट ठेवलं तर नाडी ठणकताना जाणवते. घोडी पुढचे पाय लांब टाकून भार मागे घेऊन उभी राहते, वळायला नकार देते. असं दिसलं तर चंदी त्याच क्षणी बंद, मऊ जमीन, आणि डॉक्टर त्याच दिवशी. उद्यावर ढकललेल्या घोड्यांचे पाय कायमचे जातात.

वजन उतरवायचं तर आधी तेल बंद, मग दाणा, मग लसूणघास कमी. वैरण मात्र दीड टक्क्याच्या खाली नेऊ नका. उपाशी ठेवलेल्या लठ्ठ तट्टाच्या आणि गाढवाच्या रक्तात चरबी उतरते आणि त्यात ते मरू शकतं.

या आषाढात वराती संपल्या, घोडी तीन आठवडे बांधून होती आणि बांधावर हिरवं गवत गुडघाभर. परवा टेप लावली तर १७१. वहीत लिहिलं: ३६९ किलो, गुण साडेसहा. तेल आणि जव बंद, हरभरा मूठभर, सकाळी चाळीस मिनिटं चालवणे. पंधरा दिवसांनी परत टेप.